सीपीयूचं तापमान सॉफ्टवेअर बरोबर दाखवतंय का? सेन्सर जुळवून घ्यायची पद्धत (इंटेल, एएमडी, लिनक्स)

खडेबाजार_बेंच

कोअर टेम्प हा प्रोग्राम सीपीयूचं तापमान ५१ दाखवतंय, बायोस (मशीन सुरू होतानाची सेटिंगची स्क्रीन) ६३ म्हणतंय, बोर्डाबरोबर आलेलं सॉफ्टवेअर ४४ म्हणतंय. खरं कुठलं? हा प्रश्न इथं सुटा सुटा येत असतो, म्हणून सगळं एका जागी मांडतो. चुकलं असेल तिथं जाणकारांनी दुरुस्त करावं.

इंटेलच्या कोअरमधला (प्रोसेसरच्या आत काम करणारे जे भाग असतात त्यांतला एकेक म्हणजे कोअर) डिजिटल सेन्सर 'आता इतके अंश आहे' असं सांगतच नाही. तो सांगतो, 'कमाल मर्यादेपासून मी इतका खाली आहे.' टाकीत पाणी किती आहे ते तळापासून न मोजता वरच्या काठापासून मोजावं, तसं. या मर्यादेला टीजेमॅक्स म्हणतात. आय५-८४०० ची टीजेमॅक्स १००, आय७-२६०० ची ९८. सॉफ्टवेअर टीजेमॅक्समधून सेन्सरचा आकडा वजा करतं आणि उरलेलं तुम्हाला दाखवतं. ७१ दिसलं म्हणजे सेन्सरने २९ सांगितले, एवढाच अर्थ.

यातून दोन गोष्टी निघतात. टीजेमॅक्स चुकीची धरली तर सगळेच आकडे सारख्या फरकाने चुकतात. कोअर २ च्या काळात प्रोसेसर ही मर्यादा सॉफ्टवेअरला वाचू देत नव्हता, प्रत्येक प्रोग्राम आपापला अंदाज धरायचा, आणि एकाच मशीनवर दोन प्रोग्रामांत दहा-दहा अंशांचा फरक पडायचा. २००८ च्या शेवटी आलेल्या पहिल्या आय७ पासून ती रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या नोंदीच्या घरात, लिहिलेली असते, त्यामुळे नव्या मशीनवर ही चूक सहसा होत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेन्सर मर्यादेजवळ नीट बोलतो, कारण कारखान्यात त्याला तिथंच जुळवलेलं असतं. जितकं खाली जाल तितकी चूक वाढत जाते. म्हणून आयडलला, म्हणजे मशीन रिकामं असताना, खोलीपेक्षा कमी तापमान दिसतं, आणि तोच प्रोसेसर लोडवर, म्हणजे कामाला जुंपलेला असताना, अगदी पटण्यासारखा आकडा देतो.

तेव्हा पहिला नियम: आयडलचा आकडा चुकीचा वाटला म्हणून सरसकट +६ किंवा −५ असा ऑफसेट (सगळ्या आकड्यांत सारखीच मिळवणी किंवा वजाबाकी) लावू नका. का, ते पुढच्या पोस्टमध्ये आकड्यांसकट देतो.

निपाणीकर

अण्णा, बायोसचा आकडा जास्त का येतो तेपण सांगा की. गिऱ्हाईक हटकून तेच विचारतंय.

खडेबाजार_बेंच

बायोसमध्ये असताना प्रोसेसर झोपत नाही. विंडोज किंवा लिनक्स काम नसेल तेव्हा कोअरना सी-स्टेटमध्ये, म्हणजे झोपेच्या अवस्थेत, पाठवतं, व्होल्टेज उतरवतं. बायोसच्या स्क्रीनवर तसं काही होत नाही, एक कोअर सतत फिरत असतो. त्यामुळे विंडोजच्या आयडलपेक्षा १०-१५ अंश जास्त दिसणं साहजिक आहे. तो दोष नव्हे. बायोसचा आकडा जुळवणीसाठी वापरायचाच नाही.

खडेबाजार_बेंच

आता मूळ पद्धत. उदाहरणाला आय५-८४००, बॉक्सबरोबरचा कूलर.

आधी तयारी. बायोसमध्ये सीपीयू फॅन १०० टक्क्यांवर ठेवा, ऑटो नको. आयडल आणि लोड, दोन्ही वेळा फॅनचा वेग एकच असला पाहिजे, नाहीतर पुढचं गणित लागू पडत नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी काढा. थर्मामीटरचा प्रोब कूलरच्या फॅनसमोर ३ ते ५ सेंटिमीटरवर टांगा, कुठल्याही धातूला टेकू देऊ नका, ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेच्या झोतात नको. आपल्याला 'खोलीचं' तापमान नको आहे, कूलर जी हवा ओढतो तिचं हवं आहे. छताचा पंखा बंद, दार बंद. बेळगावात संध्याकाळी वारं सुटलं की तासाभरात हवा दोन-तीन अंशांनी उतरते, म्हणून हे काम सकाळी ऊन चढायच्या आत किंवा रात्री उशिरा करा.

एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सर दाखवणारा प्रोग्राम उघडा. दोनच ओळी बघायच्या: सीपीयू पॅकेज पॉवर आणि कोअरचं तापमान, दोन्हींच्या सरासरीचा रकाना. बाकी सगळे मॉनिटर प्रोग्राम बंद. दोन प्रोग्राम एकाच वेळी बोर्डाचे सेन्सर वाचायला गेले की मध्येच वेडेवाकडे आकडे येतात.

लोडसाठी बायोसमध्ये पॉवर लिमिट ६५ वॅटला बांधा. प्राइम९५ या लोड देणाऱ्या प्रोग्राममध्ये स्मॉल एफएफटी निवडा, एव्हीएक्स बंद ठेवा, सगळ्या कोअरवर लोड. वीस मिनिटं चालू द्या, मग खालचं घड्याळाचं बटण दाबून सरासरी शून्य करा आणि पुढच्या पाच मिनिटांची सरासरी लिहून घ्या. मग प्राइम९५ बंद करा, अर्धा तास मशीनला हात लावू नका, पुन्हा सरासरी शून्य करून पाच मिनिटं.

समजा हे आकडे आले:

हवा २८.
लोड: ६५ वॅट, दाखवलेलं ७१, म्हणजे मर्यादेपासून २९ खाली.
आयडल: ६ वॅट, दाखवलेलं २६, म्हणजे मर्यादेपासून ७४ खाली.

हवा २८ असताना वाऱ्यावर थंड होणारा प्रोसेसर २६ असूच शकत नाही. सेन्सर चुकतोय हे नक्की. पण किती?

कूलर तोच आणि फॅनचा वेग तोच असेल तर हवेपेक्षा वाढलेलं तापमान वॅटच्या प्रमाणात असतं. आणि सेन्सरचा प्रत्येक 'अंश' पूर्ण अंश नसून त्याचा क पट असतो असं धरू. म्हणजे खरं तापमान = टीजेमॅक्स − क × सेन्सरचा आकडा. दोन्ही मोजण्या एकत्र केल्या की सूत्र असं येतं:

क = (टीजेमॅक्स − हवा) × (लोड वॅट − आयडल वॅट) ÷ (लोड वॅट × आयडलचा सेन्सर आकडा − आयडल वॅट × लोडचा सेन्सर आकडा)

म्हणजे ७२ × ५९ = ४२४८, भागिले ६५ × ७४ − ६ × २९ = ४६३६. क = ०.९१६.

आता खरं लोड तापमान: १०० − ०.९१६ × २९ = ७३.४. खरं आयडल: १०० − ०.९१६ × ७४ = ३२.२. पडताळा घ्या. लोडवर हवेपेक्षा ४५.४ अंश वाढ ६५ वॅटला, म्हणजे वॅटमागे ०.७. आयडलला ४.२ अंश वाढ ६ वॅटला, तेही ०.७. जुळलं.

आयडलला चूक ६ अंशांची आहे, लोडला अडीचच. सरसकट +६ लावलं असतं तर लोडवर ७७ दिसलं असतं, आणि प्रोसेसर १०० ला वेग कमी करतो त्या क्षणी स्क्रीनवर १०६ आलं असतं. आयडल दिसायला छान व्हावं म्हणून जिथं आकडा खरोखर कामाचा आहे तीच बाजू बिघडवायची, असं होतं ते.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये हे बसवायला त्या सेन्सरवर उजवी क्लिक, 'कस्टमाइझ व्हॅल्यूज'. तिथं गुणायला एक आणि मिळवायला एक अशी दोन घरं आहेत. गुणायचं ०.९१६ ने, मिळवायचं १०० × (१ − ०.९१६) = ८.४. दाखवलेलं २६ असेल तर ३२.२ होईल, ७१ चं ७३.४ होईल आणि १०० चं १०० च राहील. शेवटचं जुळत नसेल तर आकडा भरताना चूक झाली आहे.

टिळकवाडी_टेक

फार चांगलं मांडलंय सर. यात एक भर. कोअर टेम्पमध्ये प्रत्येक कोअरला नुसता ऑफसेट लावायची सोय आहे, म्हणून ही पद्धत तिथं नीट बसत नाही. रिअल टेम्प या प्रोग्राममध्ये 'आयडल कॅलिब्रेशन' म्हणून वेगळी घरं आहेत आणि टीजेमॅक्सची घरं वेगळी. जुन्या कोअर २ आणि पहिल्या आय-मालिकेच्या मशीनसाठी म्हणून रिअल टेम्प आजही ठेवण्यासारखं आहे.

४५ नॅनोमीटरच्या कोअर २ चिपांवर, म्हणजे ई८४०० वगैरे, सेन्सर एका ठरावीक आकड्याखाली उतरतच नाही असं बऱ्याचदा होतं. त्याला अडकलेला सेन्सर म्हणतात. समजा तो ४२ ला अडकतो. खोली १८ असो वा ३०, आयडलला ४२ च. अशा सेन्सरला कुठलंही कॅलिब्रेशन लागू होत नाही, कारण खालचा आकडा मुळात मोजलेलाच नसतो. ओळखायला रिअल टेम्पची सेन्सर टेस्ट चालवा: लोड पायरीपायरीने उतरत जातो, आणि प्रत्येक पायरीला सेन्सर किती अंश हलला ते दिसतं. शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांना शून्य हालचाल दिसली तर समजा अडकला. तो सेन्सर फक्त लोडच्या आकड्यापुरता वापरा.

चिक्कोडी_पेंग्विन

लिनक्सवाल्यांसाठी. कोअरटेम्प हे कर्नलचं मॉड्यूल (वरचा कोअर टेम्प प्रोग्राम नव्हे) लोड असेल तर 'सेन्सर्स' कमांड तेच आकडे दाखवते. कच्चा आकडा बघायचा असेल तर एमएसआर मॉड्यूल चढवून आरडीएमएसआरने हेक्स १९सी हे रजिस्टर वाचा. बिट १६ ते २२ मध्ये मर्यादेपासूनचं अंतर, बिट ३१ म्हणजे आकडा वैध आहे की नाही. टीजेमॅक्स हेक्स १ए२ मध्ये, बिट १६ ते २३. प्रत्येक कोअरचं वेगळं वाचायचं, कोअर क्रमांक देऊन.

गुणक बसवायला ईटीसीखाली सेन्सर्स.डी फोल्डरात आपली एक फाइल करा. चिपची ओळ, तिच्याखाली कोअरमागे एकेक कम्प्यूटची ओळ. वरच्या उदाहरणासाठी तिचा साचा असा:

कम्प्यूट टेम्प२ @*०.९१६+८.४, (@-८.४)/०.९१६

फाइलमध्ये अर्थातच सगळं रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. स्वल्पविरामानंतरचा भाग उलटं गणित आहे, तो विसरला तर ओळ चालत नाही. टेम्प१ बहुतेक करून पूर्ण पॅकेजचं असतं, कोअर टेम्प२ पासून सुरू होतात. पॅकेजच्या ओळीला हात लावू नका.

जुन्या कोअर २ वर मॉड्यूल टीजेमॅक्स अंदाजाने धरतं. तिथं मॉड्यूल चढवताना टीजेमॅक्स हा पॅरामीटर देऊन स्वतः सांगता येतं.

अथणी_उन्हाळा

प्रश्न आहे. एप्रिलात आमच्याकडे दुपारी खोलीतच ३८-३९ असतंय. तेव्हा केलेली जुळवणी डिसेंबरात चालेल काय?

खडेबाजार_बेंच

चालते, आणि चालली पाहिजे. क हा सेन्सरचा गुण आहे, हवेचा नाही. हवा ३९ असताना मोजा, १८ असताना मोजा, क ०.०२ च्या फरकात तोच यायला हवा. कूलर बदलला, पेस्ट बदलली, तरी तोच. वॅटमागे ०.७ चं ०.५५ होईल, लोडचा आकडा खाली येईल, पण क हलणार नाही. हलला तर दोनपैकी एक मोजणी बिघडली आहे: फॅनचा वेग बदलला असेल, हवेचा प्रोब सरकला असेल, किंवा आयडलला मागे काहीतरी चालू होतं, अपडेट किंवा अँटीव्हायरस.

तिसरी मोजणी करून पडताळून बघणं त्याहून उत्तम. पॉवर लिमिट ३५ वॅटला बांधा. वरच्या उदाहरणात खरं तापमान २८ + ०.७ × ३५ = ५२.५ यायला हवं, आणि दुरुस्ती न केलेल्या प्रोग्रामात ते ४८ च्या आसपास दिसायला हवं. एक-दोन अंश इकडेतिकडे ठीक, सेन्सर मुळात पूर्ण अंशातच बोलतो. पण ५३ किंवा ४४ दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

अथणीकरांनी एक मात्र लक्षात ठेवावं. हवा ३९ असेल तर त्याच मशीनवर लोडला ८४-८५ होणार. तो सेन्सरचा दोष नाही, हवाच तेवढी वर आहे.

शहापूरची

सगळं गणित हवेच्या आकड्यावर उभं आहे, आणि तो मोजणारं थर्मामीटरच चुकीचं असेल तर? बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या डिजिटल थर्मामीटरांत दोन अंशांचा फरक सर्रास असतो. मल्टिमीटरबरोबर येणाऱ्या के-टाइप (तापमान मोजायच्या) तारेचीही अचूकता साधारण अडीच अंशांचीच धरायची असते.

टिळकवाडी_टेक

अक्का, अगदी बरोबर मुद्दा. वरच्याच उदाहरणात हवा २८ ऐवजी ३० धरली तर क ०.८९१ येतो. आयडल ३२.२ चं ३४ होतं, लोड ७३.४ चं ७४.२. म्हणजे थर्मामीटरची चूक आयडलला जवळजवळ पूर्ण उतरते, लोडला निम्म्याहून कमी.

शहापूरची

म्हणून आधी थर्मामीटर जुळवा. बर्फाची पद्धत घरात होते. बर्फ बारीक फोडून स्टीलच्या ग्लासात गच्च भरा, फटी भरतील एवढंच थंडगार आरओचं पाणी घाला. बर्फ तरंगत असेल तर पाणी जास्त झालं, ओतून टाका. ग्लासाभोवती टॉवेल गुंडाळा. प्रोब मधोमध, तळाला आणि भिंतीला न टेकवता, आणि हळूहळू ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत आकडा स्थिर होतो. तो शून्य असायला हवा. १.५ दाखवत असेल तर पुढच्या सगळ्या मोजणीतून १.५ वजा. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत प्रोब खोचू नका, फ्रीजरमधून काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. पाण्याचा थर सगळीकडे दिसला की मगच शून्य खरं.

दुसरं टोक उकळत्या पाण्याचं, आणि इथं आपल्या गावाचा हिशेब वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथं पाणी १०० ला उकळत नाही, ९७.५ च्या आसपास उकळतं. कारवारला १००, अथणी-रायबागला बेळगावपेक्षा अर्धा अंश वर. १०० धरून थर्मामीटरला 'अडीच अंश कमी दाखवतंय' असं ठरवलंत तर चांगलं साधन बिघडवून बसाल. आणि हवेच्या मोजणीला खरं तर बर्फाचं टोकच पुरेसं आहे, २०-४० अंशांच्या पट्ट्याला तेच जवळ आहे.

के-टाइप वापरत असाल तर मीटर अर्धा तास त्याच खोलीत पडू द्या. तारेचं दुसरं टोक मीटरच्या आत असतं आणि मीटर स्वतःचं तापमान धरून हिशेब करतो. गरम हातात धरलेला किंवा आत्ताच बॅगेतून काढलेला मीटर चुकतो.

निपाणीकर

लाल ठिपक्याची, लांबून तापमान मोजणारी गन लावून हीटसिंक बघितलं तर चालतंय काय? बरेच जण तसंच करतात.

शहापूरची

उघड्या ॲल्युमिनियमवर नाही चालत. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो, गनला खोलीचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. हीटसिंक ५० असलं तरी ३२ दाखवील. त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, दोन मिनिटं थांबा, आणि टेपवर मोजा. गनवर एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किरण किती सोडतो तो आकडा) ०.९५ ठेवलेली असावी. तरीही ते हीटसिंकचं तापमान झालं, कोअरचं नव्हे. जुळवणीला त्याचा उपयोग नाही, पेस्ट नीट बसली आहे का ते पाहायला आहे.

कारवार_किनारा

उंचीचा विषय निघालाच आहे म्हणून. बेळगावातली हवा आमच्यापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. फॅनचे फेरे तेवढेच असले तरी हवा कमी वजनाची ओढली जाते. तोच कूलर, तोच प्रोसेसर, तेच वॅट, आणि हवाही २८, तरी घाटावर दोन-तीन अंश जास्त दिसू शकतात. म्हणून दुसऱ्या गावातल्या माणसाचे आकडे बघून आपला ऑफसेट ठरवू नये.

निपाणीकर

आता बोर्डाचा सेन्सर. एका जुन्या मशीनवर स्पीडफॅन असं दाखवतंय: सीपीयू ३६, सिस्टम ३१, ऑक्स ११५, कोअर ५२. ११५ बघून गिऱ्हाईक घाबरतंय.

खडेबाजार_बेंच

ऑक्सकडे दुर्लक्ष करा. बोर्डावर नुव्होटॉन किंवा आयटीई कंपनीची सेन्सर वाचणारी एक चिप असते, तिला तापमानाच्या तीन-चार पिना असतात. बोर्ड बनवणारा सगळ्या वापरतोच असं नाही. मोकळी सोडलेली पिन ११५, १२७, −१२८, काहीही दाखवते. खात्री करायची तर पाच मिनिटं लोड द्या. जो आकडा जागचा हलत नाही किंवा उगाच उड्या मारतो तो कशालाच जोडलेला नाही. तो लपवून टाका.

'सीपीयू ३६' हा बहुधा सॉकेटजवळच्या थर्मिस्टरचा (तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या भागाचा) आकडा. तो कोअरपासून लांब, म्हणून कमीच येणार आणि सावकाश हलणार. शिवाय सॉफ्टवेअरने तिथं थर्मिस्टरऐवजी डायोड धरला, किंवा थर्मिस्टरचा बीटा, म्हणजे रोध किती बदलतो तो आकडा, वेगळा धरला, तर वक्ररेषाच बदलते. ती चूक एका ऑफसेटने निघत नाही. या चौघांत कोअर ५२ हाच धरायचा. स्पीडफॅनचं काम थांबून कित्येक वर्षं झाली, नव्या बोर्डांच्या चिपा त्याला ओळखता येत नाहीत. एचडब्ल्यूइन्फो लावा.

निपाणी भागात आणखी एक गोष्ट तपासा. तंबाखूची बारीक धूळ चिकट असते, साध्या ब्लोअरने हीटसिंकच्या पाकळ्यांतून निघत नाही. कारखान्याच्या हंगामात चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात भुश्याची राखही उडते. पाकळ्या बुजल्या की वॅटमागची वाढ ०.७ ची १ होते. सेन्सरला दोष द्यायच्या आधी फॅन काढून ब्रशने झाडा, मगच मोजा.

टिळकवाडी_टेक

आणि गिऱ्हाइकाला एक फरक समजावा. इंटेलच्या पानावर आय५-४५९० साठी ७२.७२ अंश असा आकडा असतो, तो टीकेसचा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर मधोमध मोजलेलं तापमान. कोअर टेम्पमधलं ७८ बघून 'मर्यादा ओलांडली' म्हणणारे या दोन वेगळ्या जागांची तुलना करतात. त्याच चिपची टीजेमॅक्स १०० आहे.

अथणी_उन्हाळा

कोअर ० नेहमी कोअर ३ पेक्षा ७ अंशांनी जास्त असतो. दोन्ही सारखे करून घ्यावे काय?

खडेबाजार_बेंच

नको. मधले कोअर शेजाऱ्यांमुळे जास्त तापतात, कडेचे कमी. पेस्ट सगळीकडे सारखी पसरलेली नसते, झाकण अगदी सपाट नसतं. पाच ते दहा अंशांचा फरक खरा असू शकतो. प्रत्येक कोअरचा क वेगवेगळा काढा, वॅट मात्र पूर्ण पॅकेजचेच धरा. क ०.९ आणि ०.९७ असे आले तर फरकाचा काही भाग सेन्सरचा आहे. सगळ्यांचा क सारखा आला आणि तरी ७ अंश उरले, तर तो फरक खरा आहे, आणि कूलर सोडून पुन्हा बसवून पाहण्यासारखा आहे. चारही स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे दोन अर्धे, मग दुसरे दोन अर्धे, मग त्याच क्रमाने पूर्ण.

मार्कंडेय_काठ

राइझनला हीच पद्धत लावायची का? ५६००एक्स आहे. आयडलला ३८ ते ५२ मध्ये सारखं उड्या मारतं.

टिळकवाडी_टेक

राइझनचा प्रकार वेगळा, तिथं ही पद्धत लावू नका.

एएमडीचा मुख्य आकडा टीसीटीएल. नावाप्रमाणे तो कंट्रोलसाठी आहे, फॅन किती फिरवायचा आणि बूस्ट (थोडा वेळ वाढवलेला वेग) किती द्यायचा ते ठरवायला. काही चिपांवर एएमडीने त्यात मुद्दाम ऑफसेट मिळवला आहे: १६००एक्स, १७००एक्स, १८००एक्स वर २०, २७००एक्स वर १०, पहिल्या थ्रेडरिपरवर २७. अशा मशीनवर एचडब्ल्यूइन्फो टीसीटीएल आणि टीडाय वेगळे दाखवतं. टीडाय हा डायचा, म्हणजे झाकणाखालच्या चिपचा, खरा आकडा. जुना प्रोग्राम फक्त टीसीटीएल दाखवत असेल तर तेवढे वजा करा. ही एकच जागा आहे जिथं सरसकट ऑफसेट बरोबर ठरतो, कारण तो मुळातच सरसकट मिळवलेला आहे.

५६००एक्स वर ऑफसेट शून्य, टीसीटीएल आणि टीडाय एकच. उड्या खऱ्या आहेत. एक कोअर क्षणभर पूर्ण बूस्टला जातो, चिप लहान, उष्णता एका ठिपक्यात, आणि ती पसरायच्या आत सेन्सरने वाचलेली असते. मॉनिटर प्रोग्रामची प्रत्येक वाचणीसुद्धा कोअरला जागं करते. एचडब्ल्यूइन्फोचा वाचण्याचा अवकाश २ सेकंदांवरून ५ वर न्या आणि सरासरीचा रकाना बघा. फॅन उड्यांबरोबर घुमत असेल तर आकडा बदलायचा नाही, बायोसमध्ये फॅनचा प्रतिसाद लांबवायचा, दोन-तीन सेकंद. ५६००एक्स ची कमाल ९५, ५८००एक्स ची ९०, ७८००एक्स३डी ची ८९.

चिक्कोडी_पेंग्विन

लिनक्सवर के१०टेम्प हे मॉड्यूल वरचे ऑफसेट स्वतःच ओळखतं, तिथं टीसीटीएल आणि टीडाय दोन्ही ओळी येतात. आपण वेगळं काही वजा केलं तर दोनदा वजा होतं, सांभाळा.

आणि एएमडीचे जुने एफएक्स प्रोसेसर. त्यावर आयडलला खोलीपेक्षा १०-१२ अंश कमी दिसतं आणि लोक सेन्सर खराब समजतात. तिथला टीसीटीएल हे खरं तापमान नाहीच, एक मनाने ठरवलेली मोजपट्टी आहे, जी वरच्या टोकाला तेवढी अर्थपूर्ण आहे. एएमडी ओव्हरड्राइव्ह या प्रोग्राममधलं 'थर्मल मार्जिन' बघा, किती अंश शिल्लक आहेत ते सांगतं. तेच वापरा. त्याहून जुन्या फिनॉमच्या काही सॉकेटांवर तर सेन्सर इतका बेभरवशाचा की के१०टेम्प आपणहून लोडच होत नाही, फोर्स द्यावा लागतो. जोर करून वाचलेल्या त्या आकड्याला काही किंमत नाही.

अथणी_उन्हाळा

लॅपटॉपवर टीजेमॅक्स १०० असून ९५ लाच वेग पडतोय. म्हणजे सेन्सर ५ ने चुकला म्हणायचा का?

खडेबाजार_बेंच

नाही. लॅपटॉप बनवणारे बऱ्याचदा टीसीसी ऑफसेट लावतात, म्हणजे मर्यादेच्या अलीकडेच वेग कमी करायला सांगतात. हेक्स १ए२ रजिस्टरमध्येच, टीजेमॅक्सच्या वरच्या बिटांत, २४ पासून पुढे ते लिहिलेलं असतं. तिथं ५ असेल तर ९५ ला पडणं बरोबरच. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्येही दिसतं.

दुसरी शक्यता: बोर्डावरचा दुसराच भाग तापून, चार्जिंगचा किंवा व्होल्टेजचा, प्रोसेसरला बाहेरून प्रोकहॉटचा, म्हणजे 'तापलंय, वेग कमी कर' असा इशारा देतो. तेव्हा कोअर ७० असले तरी वेग ८०० मेगाहर्ट्झला उतरतो. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'बीडी प्रोकहॉट' लाल होतं. ती खूण काढून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ज्या भागाने इशारा दिला तो खरोखर तापलेला असू शकतो. आधी चार्जर आणि फॅन तपासा.

वरचं टोक बरोबर आहे का हे डेस्कटॉपवर बघायचं असेल तर फॅन एकदम काढू नका. बायोसमधून वेग पायरीपायरीने कमी करा, लोड चालू ठेवा, आणि मर्यादेपासूनचं अंतर शून्याला येतं त्याच क्षणी थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळे वेग कमी झाल्याची) ओळ 'यस' होते का ते पाहा. ३-४ अंश शिल्लक असतानाच झाली तर टीसीसी ऑफसेट तपासा. शून्य होऊनही झाली नाही तर प्रोग्रामने टीजेमॅक्स चुकीची धरली आहे. दोन मिनिटांत उत्तर मिळतं, जास्त वेळ तसं चालवायचं नाही.

शहापूरची

या सगळ्याचा फॅनवर काही परिणाम होतो का, हेही लिहा. बऱ्याच जणांना वाटतं की सॉफ्टवेअरमध्ये आकडा कमी केला की मशीन शांत होईल.

खडेबाजार_बेंच

बायोसच्या फॅन कर्व्हवर (किती तापल्यावर फॅन किती फिरवायचा त्या तक्त्यावर) काहीच होत नाही, तो स्वतःचा आकडा वाचतो. प्रोसेसरचं थ्रॉटलिंगही आपल्या जुळवणीला विचारत नाही. विंडोजमधल्या एखाद्या प्रोग्रामने फॅन चालवत असाल तर मात्र त्याला न बदललेला आकडाच द्या. आणि रोजच्या वापरात तापमानाऐवजी 'डिस्टन्स टू टीजेमॅक्स' ही ओळ पुढे आणून ठेवा. तिला कुठलीच जुळवणी लागत नाही. उन्हाळ्यात पूर्ण लोडवर १५ किंवा जास्त शिल्लक राहत असतील तर मशीनला हात लावायची गरज नाही.

मार्कंडेय_काठ

इन्व्हर्टरवर मशीन चालू असताना मोजलं तर फरक पडेल का? दुपारी लाइट जाऊन येऊन असते.

टिळकवाडी_टेक

प्रोसेसरला एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) मिळतं ते १२ व्होल्टच, त्यामुळे मोजणीत फरक नाही. पण लाइट मध्येच जाऊन मशीन बंद पडलं तर वीस मिनिटांचा लोड पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो. हीटसिंक, बोर्ड, कॅबिनेटमधली हवा, सगळं स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. मध्येच तोडून उरलेली पाच मिनिटं जोडली तर लोडचा आकडा दोन-तीन अंशांनी कमी येतो आणि क चुकतो. रात्री दहानंतर करा, तेव्हा हवाही स्थिर असते.